गेटवर पोचलं की पोटात गोळा का येतो: कोल्ड कॉलची, म्हणजे ओळख नसताना थेट विकायला जाण्याची भीती, सोप्या भाषेत

दरवर्षी जून-जुलैत डिप्लोमा, बीई नाहीतर बीएस्सी झालेली नवी पोरं सेल्सला लागतात. एक बॅग, कॅटलॉग, शंभर व्हिजिटिंग कार्डं हातात मिळतात आणि साहेब सांगतात की जा, भोसरी एमआयडीसी पिंजून काढ. मग ती पोरं निघतात, गाडी गेटसमोर लावतात आणि तिथेच थांबतात. मोबाईल बघतात, बॅगेची चेन उघडतात, बंद करतात, पलीकडच्या टपरीवर एक कटिंग पितात, मग स्वतःलाच सांगतात की आता लंच टाइम झाला असेल, दुपारी येऊ, आणि गाडीला किक मारून पुढे जातात.

मी चौदा वर्षं भोसरी, चाकण, तळेगाव या पट्ट्यात कूलंट (मशीनवर धातू कापताना ओततात ते थंडाव्याचं पाणी) आणि कटिंग टूल्स विकतोय, आणि पहिल्या आठवड्यात मीसुद्धा एका गेटसमोर चाळीस मिनिटं बसून परत आलो होतो. तेव्हा मला कुणीच सांगितलं नव्हतं की आत नेमकं काय होतंय. सगळे म्हणायचे कॉन्फिडन्स ठेव. पण तो ठेवायचा कुठून आणि आणायचा कुठून, हे कोण सांगणार? म्हणून हे सगळं जरा खोलात जाऊन लिहितोय. कारण चांगली, हुशार, कष्टाळू पोरं फक्त ह्या एका गोष्टीपायी दोन महिन्यांत लाइन सोडून जाताना मी बघितलीयत आणि दरवेळी वाईट वाटतं.

आधी शरीराचं बघू. अनोळखी माणसासमोर जायच्या आधी छाती धडधडते, तळहाताला घाम येतो, तोंड कोरडं पडतं, पोटात ढवळतं. ही काही मनाची कमजोरी नाही, ही शरीरातली एक जुनी यंत्रणा आहे. हार्वर्डला वॉल्टर कॅनन नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते, त्यांनी शंभर वर्षांपूर्वी, १९१५ च्या सुमाराला, ह्यावर काम केलं आणि लढा किंवा पळा ही कल्पना मांडली. धोका दिसला की मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी असतात, त्या अ‍ॅड्रेनलिन सोडतात. हृदय जोरात चालायला लागतं, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळतं म्हणून पोटात विचित्र वाटतं, आणि लाळ कमी होते कारण पळताना जेवायचं नसतं. म्हणजे वाघ समोर आला तर जे व्हायला पाहिजे तेच सगळं वॉचमनसमोर होतं. मेंदूचा धोका ओळखणारा भाग वाघ आणि परचेस मॅनेजर असा फरक करत बसत नाही, त्याला एवढंच कळतं की समोरचा आपल्याला हाकलू शकतो, आणि कळपातून हाकललं जाणं हा माणसासाठी हजारो वर्षं खरोखरचा धोका होता.

आता ह्यातली कामाची गोष्ट अशी की रक्तात आलेलं अ‍ॅड्रेनलिन फार टिकत नाही, काही मिनिटांत मोडून जातं. मग गेटबाहेर अर्धा अर्धा तास धडधड का चालू राहते? कारण आपण तिला खाऊ घालत असतो. बसल्या बसल्या एकेक विचार येतो, साहेब ओरडले तर, किंमत विचारली आणि मला सांगता आली नाही तर, आणि प्रत्येक विचाराबरोबर नवा डोस सुटतो. म्हणून गेटसमोर बसून भीती ओसरायची वाट बघणं हा सगळ्यात वाईट मार्ग आहे. तिथे बसल्यावर ती ओसरत नाही, वाढते.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे, आणि माझ्या मते ह्या पूर्ण विषयाची किल्ली तीच आहे. तुम्ही गेटसमोरून गाडी वळवून निघालात की त्या क्षणी काय वाटतं ते आठवा. हुश्श वाटतं, छाती हलकी होते. ते हुश्श म्हणजे मेंदूला मिळालेलं बक्षीस आहे. मेंदू त्यातून शिकतो की गेट म्हणजे धोका, पळालो म्हणून वाचलो, पुढच्या वेळी अजून लवकर पळ. म्हणजे प्रत्येक टाळलेलं गेट पुढचं गेट अवघड करून ठेवतं. पहिल्या दिवशी पोरगं गेटपासून परत येतं, चौथ्या दिवशी एमआयडीसीत शिरतानाच पोटात गोळा येतो, आणि पंधरा दिवसांनी सकाळी अलार्म वाजला की रडू येतं. हे मी बघितलंय. त्यात त्या मुलाची काही चूक नसते, तो नकळत रोज भीतीला बक्षीस देत राहिला, बाकी काही नाही.

आणि ह्याचं उलटंही तितकंच खरं आहे. भीती घेऊन आत गेलात, काही भयंकर घडलं नाही आणि बाहेर आलात, की मेंदू दुसरी गोष्ट शिकतो. पण एका गेटने शिकत नाही, त्याला बरीच गेटं लागतात आणि ती जवळजवळ लागतात. अल्बर्ट एलिस म्हणून अमेरिकेतले मोठे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले, विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणजे आरईबीटी त्यांनीच मांडला, आपल्याकडे ठाण्याच्या आयपीएच ह्या मानसिक आरोग्याच्या संस्थेमुळे आणि डॉ. आनंद नाडकर्णींमुळे हा विचार बऱ्याच मराठी लोकांपर्यंत पोचलाय. हे एलिस तरुणपणी मुलींशी बोलायला प्रचंड घाबरायचे. १९ वर्षांचे असताना त्यांनी ठरवलं की न्यूयॉर्कच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसून बोलायला सुरुवात करायची. ते स्वतःच सांगायचे की १३० जणी भेटल्या, त्यातल्या ३० उठून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं, भेटायला फक्त एक कबूल झाली आणि ती पण आली नाही. (आज बागेत असं कुणी करू नये, बायकांना त्रास होतो, तो मुद्दा वेगळा.) आपल्यासाठी महत्त्वाचं हे की सेल्सच्या भाषेत त्यांचा रिझल्ट शून्य होता, एकही ऑर्डर नाही, आणि तरीही भीती गेली. म्हणजे भीती जायला यश लागत नाही, नुसतं जाऊन येणं लागतं. हे मला पहिल्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं, कारण मी समजत होतो की आधी दोन-चार ऑर्डरी मिळाल्या की मग कॉन्फिडन्स येईल.

म्हणून नव्या पोरांना मी पहिले पंधरा दिवस ऑर्डर आणायला सांगतच नाही. पायऱ्या करतो. पहिल्या दिवशी फक्त गेटवर जायचं आणि वॉचमनला एकच विचारायचं, काका, इथे परचेस कोण बघतं? नाव लिहून घ्यायचं, थँक्यू म्हणायचं, निघायचं. बॅगसुद्धा न्यायची नाही. एका गल्लीतली सलग दहा-बारा गेटं एका दमात, मध्ये चहा नाही, मोबाईल नाही, कारण मध्ये गॅप पडला की गोळा परत तयार होतो. तिसऱ्या-चौथ्या गेटपर्यंत धडधड असते, आठव्या गेटला पोरगं चक्क वॉचमनशी गावाकडच्या पावसाच्या गप्पा मारताना दिसतं, गाव कुठलं, जालना, मग काय. दोन दिवसांनी दुसरी पायरी, कार्ड द्यायचं आणि स्टोअरच्या माणसाला भेटता येईल का एवढं विचारायचं, नाही म्हणाले तर तिथेच संपलं. नंतर आत बसून पाच मिनिटं बोलायचं. किमतीचं बोलणं सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरी थोडी अवघड वाटलीच पाहिजे, अजिबात भीती वाटत नसेल तर ती पायरी फुकट आणि पाय लटलटायला लागले तर ती फार उंच झाली, मधली एखादी शोधायची.

आता आत गेल्यावरचं. भीतीत माणसाचं लक्ष आत वळतं, स्वतःवर. माझा आवाज कापतोय का, घाम दिसतोय का, मी येडा दिसतोय का, हा एक कॅमेराच जणू आपण स्वतःवर लावून बसतो, आणि तो लावला की समोरचा काय बोलतोय ते ऐकूच येत नाही. समोरचा म्हणतो आमच्याकडे सगळं अ‍ॅल्युमिनियमचं काम आहे, आणि पोरगं कास्ट आयर्नसाठीच्या कूलंटचं पाठ केलेलं भाषण चालूच ठेवतं. ह्या कॅमेऱ्याबद्दल एक चांगला अभ्यास आहे, केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच ह्या दोघांचा, २००३ चा. त्यांनी लोकांना भाषणं करायला लावली आणि असं दिसलं की बोलणाऱ्याला वाटतं त्यापेक्षा त्याची धास्ती ऐकणाऱ्यांना बरीच कमी दिसते. पुढची गोष्ट तर अजून भारी, ज्यांना हे आधीच समजावून सांगितलं त्यांची भाषणं जास्त चांगली झाली. म्हणजे तुमची धडधड तुम्हाला ढोलासारखी ऐकू येते, समोरच्याला ती ऐकू येत नाही, आणि एवढं माहीत असणं हाच अर्धा इलाज आहे. म्हणून आत जायच्या आधी हे वाक्य मनात म्हणायला मी सांगतो: त्याला दिसत नाहीये.

बाकी अर्धा इलाज म्हणजे लक्षाला बाहेर काहीतरी काम देणं. लक्ष नको देऊ म्हटलं की ते जास्तच तिकडे जातं, त्याला दुसरीकडे गुंतवावं लागतं. आमच्या धंद्यात ह्यासाठी एक सुंदर वस्तू आहे, रिफ्रॅक्टोमीटर. पेनापेक्षा थोडी जाड नळी असते, टोकाच्या काचेवर कूलंटचा थेंब टाकायचा, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून बघायचं, आत रेघ दिसते आणि तिच्यावरून पाण्यात कूलंट किती टक्के आहे ते कळतं. मशीन चालताना पाणी उडून जातं, ऑपरेटर नुसतं साधं पाणी ओततो, टक्का घसरतो, मग जॉबला, म्हणजे मशीनवर बनत असलेल्या पार्टला, गंज धरतो आणि टूल लवकर जातं. बऱ्याच छोट्या वर्कशॉपमध्ये हे कुणी मोजतच नाही.

सांगलीचा एक पोरगा होता आमच्याकडे, अतिशय लाजाळू, घरात पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसणारा. त्याला मी म्हटलं तू विकू नको, तू फक्त मोज. गेल्यावर त्याचं वाक्य एवढंच असायचं, साहेब, पाच मिनिटं द्या, टँकमधला कूलंट चेक करून देतो, पैसे नाहीत काही. समोरून उत्तर यायचं, आहे आमच्याकडे सप्लायर. तो म्हणायचा असू दे की साहेब, चेक तर करू. आणि मग तो मशीनपाशी वाकलेला असायचा, हातात थेंब, डोळा नळीला, आणि तेवढा वेळ त्याला स्वतःचा विसर पडायचा. नंतर बोलणं आपोआप यायचं कारण बोलायला खरंच काहीतरी असायचं: साहेब, साडेतीन टक्केच आहे, तुमच्या कामाला सहा-सात तरी पाहिजे. इथे तो विकत नव्हता, बघून सांगत होता, आणि बघून सांगायला कुणाला भीती वाटत नाही.

तुम्ही दुसरं काही विकत असाल तर तुमचा रिफ्रॅक्टोमीटर शोधा. दुकानात बिलिंगचं सॉफ्टवेअर विकायला जात असाल तर काउंटरपाशी उभं राहून बघा की गिऱ्हाईक बिलासाठी किती वेळ थांबतंय. वॉटर प्युरिफायरवाल्याकडे टीडीएस मीटर असतोच, पण तो आकडा घाबरवायला वापरू नका, टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, त्यावरून पाण्यात जंतू आहेत का हे कळत नाही, आणि खोटं बोलून विकलं की पुढच्या दारात भीती खरी होते कारण आता लपवायला काहीतरी असतं. माझा अनुभव असा की स्वतःच्या मालावर विश्वास नसणाऱ्याची धास्ती कुठल्याच युक्तीने जात नाही. तिथे माणूस बदलून उपयोग नाही, माल बदलावा लागतो.

आपण मागतोय काय हेही नीट बघा. फ्रँक फ्लिन आणि व्हेनेसा बोन्स ह्यांचा २००८ चा एक अभ्यास आहे, लोकांना सांगितलं की अनोळखी माणसांकडून ५ प्रश्नावल्या भरून आणा, किती जणांना विचारावं लागेल ते आधी सांगा. अंदाज आला साधारण २० चा, प्रत्यक्षात साधारण १० जणांतच काम झालं. म्हणजे किती जणांना विचारावं लागेल ह्याचा आपला अंदाज चक्क दुप्पट फुगलेला असतो. अर्थात तिथे प्रश्नावली होती, पैसे नव्हते मागितले, त्यामुळे ऑर्डरला हा हिशोब लावू नका. पण म्हणूनच मी म्हणतो, पहिल्या भेटीत पैसे मागूच नका ना, पाच मिनिटं मागा, पाच मिनिटांना लोक तुम्हाला वाटतं त्याहून जास्त हो म्हणतात.

नकारांचा अर्थ पण शिकून घ्यावा लागतो, नाहीतर प्रत्येक नाही अंगाला लागतं. सध्या रिक्वायरमेंट नाही म्हणजे बॅरल अजून अर्धं आहे. कार्ड ठेवून जा म्हणजे आत्ता डिस्पॅचची गडबड आहे. मेल करा म्हणजे बहुतेक वेळा नाही, सरळ सोडून द्या. आणि कुणी ओरडलंच तर ते तुमच्या आधीच्या फोनवर कुठल्यातरी कस्टमरने रिजेक्शनवरून झापल्याचं असतं, त्या माणसाने तुम्हाला नीट बघितलेलंही नसतं. मला एकदा एका मालकाने कॅटलॉग भिरकावून दिला होता, दोन रात्री झोप लागली नाही, सहा महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी गेलो तर त्यांना माझा चेहरासुद्धा आठवत नव्हता, बसा म्हणाले, चहा मागवला.

पाठांतराबद्दल सगळे विचारतात. माझं मत असं की पहिली दोन वाक्यं झोपेत विचारली तरी आली पाहिजेत इतकी घोटायची, नाव, कुठून आलो, कशासाठी पाच मिनिटं पाहिजेत, बस. त्या पहिल्या दहा-पंधरा सेकंदात डोकं बधिर असतं, तेव्हा जीभ आपोआप चालली पाहिजे. तिसऱ्या वाक्यापासून मात्र पाठ केलेलं काहीच नको, प्रश्न विचारायचे आणि ऐकायचं. घोटताना मनात नाही, मोठ्याने, उभं राहून, घरच्या कुणालातरी समोर बसवून. गाडीतून उतरल्यावर तीन-चार श्वास असे घ्या की सोडणं घेण्यापेक्षा लांब असेल, चार मोजून आत, सात-आठ मोजून बाहेर. श्वास सोडताना व्हेगस नावाची नस हृदयाला सावकाश हो असं सांगते, त्यामुळे ठोके खरोखर उतरतात, ह्यात श्रद्धेचा काही भाग नाही. आणि उपाशीपोटी चहावर चहा ढोसून जाऊ नका, कॅफिनने हात अजून थरथरतात.

मुलींबद्दल वेगळं लिहायला पाहिजे कारण त्यांच्या भीतीतला काही भाग वर सांगितलेल्या खोट्या वाघाचा नसतो, खरा असतो. रिकाम्या शेडमध्ये संध्याकाळी एकटीने जायला जीव धजावत नसेल तर तिथे पायऱ्या-बियऱ्या काही लावायच्या नाहीत, परत फिरायचं, आणि त्यावर साहेबांनी एक शब्द बोलता कामा नये. पहिली भेट दिवसा, ऑफिसमध्ये, टीममध्ये कुणाकडे तरी लाइव्ह लोकेशन, एवढं कंपनीने ठरवूनच दिलं पाहिजे.

आणि काहींची भीती ह्या सगळ्याच्या पुढची असते, आदल्या रात्री झोप नाही, उलट्या होतात, लग्नकार्यात, बँकेतसुद्धा लोकांसमोर जाता येत नाही, महिनोन्‌महिने. त्याला सामाजिक चिंतेचा विकार म्हणतात, त्यावर चांगले उपचार आहेत, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ वर फुकट बोलता येतं, मराठीतही. धडधड कमी व्हायला मित्राने दिलेली प्रोप्रॅनोलॉलची गोळी मात्र घेऊ नका, दमा असणाऱ्याला ती जिवावर बेतू शकते, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही म्हणजे नाही.

वेळ निवडण्यानेही बराच फरक पडतो, हे कुणी फारसं सांगत नाही. आमच्या भोसरी पट्ट्यात सुट्टी गुरुवारची. गुरुवारी मशीन बंद राहिलं की टँकमधलं कूलंट हलत नाही, वर गळक्या ऑइलचा तवंग साचतो, खाली हवा पोचत नाही आणि बिनहवेचे बॅक्टेरिया वाढतात, त्यांच्यामुळे शुक्रवारी सकाळी मशीन चालू केलं की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. ऑपरेटर नाक धरून उभा असतो, कुणाच्या हाताला खाज सुटलेली असते, आणि मालक स्वतः शॉपवर आलेला असतो. नव्या पोराला मी पहिला खरा कॉल शुक्रवारी सकाळी साडेनऊलाच करायला लावतो, कारण त्या वेळी तो नको असताना आलेला माणूस नसतो. सांगलीच्या त्या पोराला पहिल्यांदा आत बोलावलं गेलं ते असंच. बाहेर वॉचमन नाही म्हणत होता आणि आतून मालकाचाच आवाज आला, कूलंटवाला आहे का, पाठव त्याला आत, हा वास बघ म्हणावं कसला येतोय.